कोर्टातली जुनी फाइल कशी शोधावी, नक्कल कशी मागावी

घरात वाटणीचा विषय निघतो. फूफीचा हिस्सा द्यायचा ठरतो. मुलाच्या जातपडताळणीला जुना पुरावा हवा असतो, किंवा पासपोर्टच्या वेळी तलाकचा हुकूमनामा मागितला जातो. मग कुणीतरी म्हणतं, "त्याची कोर्टात केस झाली होती ना, दादांच्या वेळी?" केस झाली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कुठल्या कोर्टात, कोणत्या साली, नंबर काय, निकाल काय, हे मात्र कुणालाच नाही. ज्यांना ठाऊक होतं ते मरहूम झाले, आणि वकीलसाहेबांचं ऑफिस कधीच बंद झालं.

अशा वेळी कोर्टाच्या आवारात पैसे देऊन माणूस धरायचा, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. तो बहुतेक वेळा गरजेचा नसतो. आपण त्या केसमध्ये पक्षकार असू किंवा पक्षकाराचे वारस असू, तर फाइलमधल्या कागदाची प्रमाणित प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. तिलाच बोलीत नक्कल म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम २० मध्येच लिहिलं आहे की न्यायनिर्णय आणि हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती पक्षकारांना अर्ज केल्यावर, त्यांच्या खर्चानं द्यायच्या. अडचण हक्काची नसते, नंबराची असते. नंबर हाती असेल तर अर्धं काम घरीच झालं.

केस कुठे चालली असेल

तालुक्याच्या ठिकाणी साधारणपणे एकाच इमारतीत दोन कामं चालतात. दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर, इथे जमीन, घर, भाडं, वाटणी यांचे दावे चालतात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर फौजदारी खटले, कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज आणि जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे पोटगीचे अर्ज चालतात. मोठ्या रकमेचे दावे वरिष्ठ स्तराकडे, तर अपिलं आणि सत्र खटले जिल्हा व सत्र न्यायालयाकडे जातात. मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालय वेगळं असतं. वक्फ मिळकतीचा वाद असेल तर वक्फ न्यायाधिकरण पाहावं लागतं, पण १९९५ च्या वक्फ कायद्याआधीचे कितीतरी वाद साध्या दिवाणी कोर्टात चालले आहेत. मशिदीची किंवा कब्रस्तानची जुनी फाइल शोधणाऱ्या कमिट्यांनी तिथेही चौकशी करावी.

जिल्हे बदललेत हेही लक्षात ठेवावं. जालना १९८१ मध्ये औरंगाबादपासून वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून, वाशिम १९९८ मध्ये अकोल्यापासून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीपासून आणि पालघर २०१४ मध्ये ठाण्यापासून. लातूरच्या माणसाचं १९७५ सालचं अपील उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला चाललं असणार. एका रेकॉर्ड रूममध्ये ‘सापडत नाही’ म्हणाले तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज करून बघावा.

नंबर शोधण्याच्या जागा

पहिली जागा घरातली पेटी. समन्स, नोटीस, वकीलपत्राची प्रत, कोर्टाची पावती यांपैकी काहीही सापडलं तरी त्यावर नंबर असतो. जुन्या मराठी कागदांवर ‘रे.मु.नं. ११२/१९७८’ असं दिसतं. म्हणजे रेग्युलर मुकदमा, १९७८ सालचा ११२ वा. ‘स्पे.मु.’ म्हणजे स्पेशल मुकदमा. ‘दरखास्त’ म्हणजे निकालानंतर त्याच्या अंमलबजावणीसाठी केलेलं प्रकरण. ‘कि.फौ. अर्ज’ म्हणजे किरकोळ फौजदारी अर्ज. नंबरापुढचं साल केस दाखल झाल्याचं असतं, निकालाचं नव्हे. निकाल दहा वर्षांनीही लागलेला असू शकतो.

दुसरी जागा तलाठ्याकडची. जमिनीचा वाद असेल तर सातबाऱ्यावरच्या फेरफार नंबरांचे उतारे काढावेत. कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून नाव चढलं किंवा कमी झालं असेल, तर त्या फेरफारात कोर्टाचं नाव आणि दाव्याचा नंबर लिहिलेला असतो. ही वाट लोकांना सुचत नाही, आणि जमिनीच्या कामात सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. शहरातल्या घरासाठी हेच मिळकत पत्रिकेवर बघावं. फौजदारी प्रकरणात पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल पुरतं.

तिसरी जागा ई-कोर्ट्सची वेबसाइट आणि त्याच नावाचं मोबाइल ॲप. संगणकीकरणानंतर प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो. महाराष्ट्रातला नंबर ‘एमएच’नं सुरू होतो, शेवटचे चार आकडे सालाचे असतात. तो नसेल तर राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराचं नाव, केस नंबर, वकिलाचं नाव किंवा एफआयआर नंबर टाकून शोधता येतं. नावानं शोधताना साल द्यावं लागतं. साल नक्की नसेल तर मागची पुढची चार-पाच वर्षं एकेक करून बघायची. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असे पर्याय येतात, तिथे दोन्ही निवडावं. संपलेली केस प्रलंबितमध्ये शोधत बसलेले कितीजण मी पाहिले आहेत. मोबाइल जमत नसेल तर अनेक न्यायालयांत ई-सेवा केंद्र आहे, तिथले कर्मचारी शोधून देतात.

तिथून निकालाची पीडीएफ मिळाली तर वाचायला ती चांगली, पण ती प्रमाणित प्रत नाही. कार्यालयात ती चालत नाही. आणि बालकांवरचे अत्याचार किंवा काही कौटुंबिक प्रकरणं यांचे आदेश तिथे दाखवलेच जात नाहीत. तिथे दिसलं नाही म्हणजे केस नाही, असं समजू नये.

आपली नावं आणि त्यांची स्पेलिंगं

यावर जरा थांबू या, कारण आपल्या समाजाची निम्मी शोधाशोध इथेच अडते.

कोर्टाच्या संगणकात नावं बहुतेक इंग्रजीत चढवलेली असतात, आणि एकच नाव कारकुनाच्या कानाप्रमाणे पाच तऱ्हांनी लिहिलं जातं. शेख हे शेख, शेक, शैख. सय्यद हे सैयद, सय्यद, सईद. मोहम्मद हे महंमद, मुहम्मद, नाहीतर नुसतं ‘मो.’ किंवा ‘मोहं.’. इंग्रजीत तर सय्यदमध्ये ‘वाय’ कुठे येईल आणि शेखमध्ये ‘आय’ असेल की ‘ई’, सांगता येत नाही. म्हणून पूर्ण नाव टाकू नये. जे अक्षर बदलायची शक्यता कमी, तेवढंच टाकावं. ‘अब्दुल रहीम’ शोधायचं तर ‘रहीम’ टाका, आणि दुसऱ्या वेळी ‘रहिम’ची इंग्रजी स्पेलिंगं बदलून बघा. शेख, पठाण, सय्यद ही नावं टाकून शोधलंत तर शेकडो नावं समोर येतील, उपयोग काहीच नाही.

आडनाव आधी की नंतर, हाही घोळ आहे. मराठवाड्यात ‘शेख हुसेन शेख इमाम’ अशी नावं असतात. मुंबईच्या कागदावर तोच माणूस ‘हुसेन इमाम शेख’ होतो, कोकणात त्याच्या नावापुढे गावाचं आडनाव लागतं. बायकांची नावं तर आणखी बदलतात. माहेरचं नाव, सासरचं नाव, ‘बी’, ‘बेगम’, ‘बानो’ कधी असतं, कधी नसतं. जुन्या कागदांवर ‘हलीमाबी भ्र. शेख रहीम’ असं लिहिलेलं आढळेल. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवऱ्याचं नाव सांगण्याची ती जुनी रीत. तिला आडनाव समजून शोधू नका. बाईचं नाव सापडत नसेल तर समोरच्या पक्षाच्या नावानं शोधावं. समोरचा बिगरमुस्लिम शेजारी किंवा सरकार असेल तर ते नाव सरळ सापडतं.

दाव्यात पक्षकार अनेक असतील तर यादीत पहिलंच नाव दिसतं, बाकीचे ‘व इतर’मध्ये जातात. वाटणीच्या दाव्यात पहिला वादी तुमचे दादा असतीलच असं नाही, त्यांचे थोरले भाऊ असू शकतात. म्हणून शोधायला बसण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्या पिढीतल्या सगळ्या भावाबहिणींची नावं, पाळण्यातली आणि कागदावरची, लिहून घ्यावीत.

नक्कल हाती आल्यावर तिच्यातलं नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळत नाही असंही होतं. प्रमाणित प्रतीत कुणी खाडाखोड करू नये, करवून घेऊ नये. मूळ कागदात जे आहे तेच तिच्यात येतं. नावातल्या फरकासाठी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं शपथपत्र करतात, त्याला जुना शाळेचा दाखला किंवा रेशनकार्ड जोडतात.

नक्कल अर्ज

प्रत्येक कोर्टात नक्कल विभाग असतो. छापील अर्ज तिथेच किंवा बाहेरच्या टायपिस्टकडे मिळतो. त्यात केसचा नंबर आणि साल, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख, कोणत्या कागदाची नक्कल हवी, कशासाठी हवी, आणि साधी की तातडीची, हे भरायचं. कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. फाइल बाहेर आल्यावर पानांप्रमाणे खर्च सांगतात, तो भरून पावती घ्यायची. पावतीशिवाय कुणाच्या हातात पैसे देऊ नयेत.

‘कोणता कागद’ हे नेमकं लिहिणं महत्त्वाचं. फाइलमध्ये बरंच काही असतं: दावा, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर, रोजनामा म्हणजे तारखेतारखेला काय झालं त्याची नोंद, साक्षी, निशाणी क्रमांक घातलेले पुरावे, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा. न्यायनिर्णयात कारणं असतात, हुकूमनाम्यात कुणाला काय मिळालं ते. जमिनीच्या कामाला दोन्ही घ्यावेत, आणि वाटणीच्या दाव्यात नकाशा किंवा वाटपाचा तक्ता असेल तर तोही. नुसता न्यायनिर्णय आणून तलाठ्याकडे गेलेल्या माणसाला परत यावं लागतं.

निशाणी क्रमांक माहीत नसेल तर आधी फाइल पाहण्याचा अर्ज करावा. फाइल समोर बसून बघता येते, हवी ती पानं लिहून घेता येतात. त्यामुळे शंभर पानांच्या जागी बारा पानांचेच पैसे पडतात.

प्रकरण वरच्या कोर्टात अपिलात असेल तर मूळ रेकॉर्ड तिकडे मागवलेलं असू शकतं. तालुक्याला ‘फाइल नाही’ म्हणाले तर ती कधी आणि कुठे पाठवली ते विचारून घ्यावं, आणि नक्कल तिथे मागावी.

हाती आलेली नक्कल काउंटरवरच तपासावी. पानं पूर्ण आहेत का, शिक्का आणि सही आहे का, अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख लिहिली आहे का. या तारखा शोभेच्या नाहीत. दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असते. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यासाठी लागणारा वेळ त्यातून वगळला जातो. पण नक्कल तयार होऊन पडली आणि आपण लग्नसराईमुळे महिन्यानं आणायला गेलो, तर तो महिना आपल्याच खात्यावर जातो.

फौजदारी खटल्यात शिक्षा झाली तर आरोपीला निकालाची प्रत मोफत मिळते. एफआयआरची प्रतही फिर्यादीला मोफत द्यायची असते. आणि २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकले जातात.

आपण पक्षकार नसू तर? पक्षकाराचे वारस असाल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडा. अगदीच तिऱ्हाईत असाल, म्हणजे एखादं घर घेण्याआधी त्यावरचा जुना वाद बघायचा असेल, तर कारण सांगून शपथपत्रासह अर्ज करावा लागतो आणि परवानगी कोर्ट देतं. माहिती अधिकारात अर्ज टाकून हे काम होईल, असा अनेकांचा समज आहे. होत नाही. मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या. तीस दिवस वाट बघून नकार घेण्यापेक्षा पहिल्या दिवशीच नक्कल अर्ज करावा.

कोर्टात राहिलेले मूळ कागद

पोटगी, मेहेर किंवा फस्ख-ए-निकाहच्या प्रकरणात मूळ निकाहनामा कोर्टात दाखल केला जातो, आणि केस संपल्यावर तो तिथेच राहतो. खरेदीखतांचंही तसंच. दाव्याचा निकाल लागून अपिलाची मुदत संपली की मूळ कागद परत मागण्याचा अर्ज करता येतो. त्याच्या जागी फाइलमध्ये प्रत ठेवावी लागते. हा अर्ज लवकर करावा. निकाली फाइलींची वर्गवारी होते, आणि काही कागद ठरलेल्या वर्षांनंतर नियमाप्रमाणे नष्ट केले जातात. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा जास्त काळ जपतात, साक्षी आणि किरकोळ अर्ज तेवढे नाही. फाइल नष्ट झाली असं सांगितलं तर तसं लेखी उत्तर मागावं आणि दाव्यांच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल मिळते का ते विचारावं.

दाखले आणि कोर्टाचे आदेश

जन्माची नोंद एक वर्षाच्या आत झाली नसेल तर ती उशिरा करण्याचा आदेश ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेलं. त्यानंतर राज्यात उशिराच्या दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली, आणि आपल्या घरांत घबराट पसरली. ज्यांचा दाखला कोर्टाच्या जुन्या आदेशावरून निघाला आहे त्यांनी त्या आदेशाची प्रमाणित प्रत आताच काढून ठेवावी. त्याचा नंबर आणि तारीख नगरपालिकेच्या जन्मनोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात बहुधा असते. ते प्रकरण किरकोळ फौजदारी अर्ज म्हणून शोधावं.

बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन अशा ओबीसी मुस्लिम बिरादऱ्यांना जातपडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मोलाचा ठरतो. दादा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा दाखला कुठून आणणार? पण त्यांच्यावर किंवा त्यांनी कधी दावा केला असेल, तर त्या काळच्या दाव्यात आणि जबानीत वय, धंदा, राहणार आणि जात लिहिण्याची पद्धत होती. न्यायनिर्णयात हे येईलच असं नाही. म्हणून अशा कामासाठी दाव्याची आणि साक्षीची नक्कल मागावी.

उर्दूतल्या फाइली

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाच्या अदालती होत्या आणि कामकाज उर्दूत चाले. त्या फाइलींत वादीला मुद्दई, प्रतिवादीला मुद्दआअलैह, फाइलीला मिसल म्हणतात. तारखा फसली सालाच्या असतात. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरमध्ये सुरू होई. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३४५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६. आजर, दै, बहमन, इस्फंदार अशी महिन्यांची नावं दिसली की साल फसली आहे हे ओळखावं. मुहर्रम, सफर दिसलं तर ते हिजरी. १३४५ हिजरी म्हणजे १९२६-२७. दोघांत नऊ वर्षांचा फरक पडतो, आणि चुकीच्या सालाच्या रजिस्टरात माणूस दिवस घालवतो.

अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या लोकांनी मात्र उर्दू मिसल शोधू नये. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली होतं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुने कागद इंग्रजीत किंवा मोडीत सापडतील.

आणखी एक खंत आहे. मुलं इंग्रजी शाळेत गेली, उर्दू वाचणारी दादी गेली, आणि आता घरच्याच मिसलीवरचा शिकस्ता वाचायला दुसऱ्या गावचा माणूस शोधावा लागतो. मी उर्दू शिकवतो. छापील उर्दू सहज वाचणाऱ्यालाही हा हात लागायला वेळ जातो. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीला निजामकाळचे उर्दू कागद वाचणाऱ्यांची गरज पडली, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की हे वाचणारे किती थोडे उरलेत. कार्यालयात देण्यासाठी उर्दू नकलेसोबत मराठी भाषांतर लागतं. ते करून घेण्याआधी, कोणाचं भाषांतर चालेल हे ज्या कार्यालयात द्यायचं तिथेच विचारून घ्यावं, म्हणजे खर्च दोनदा होणार नाही. कोर्टात मिसल मिळाली नाही तर छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आणि हैदराबादला तारनाक्याचं तेलंगणा राज्य पुराभिलेखागार इथे चौकशी करता येते.

वकील करण्याची ऐपत नसेल तर तालुका आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते, नक्कल काढण्यासाठीसुद्धा. हेल्पलाइन नंबर १५१०० आहे. जाताना ओळखपत्र, जो काही नंबर किंवा कागद सापडला असेल तो, आणि नावांची ती यादी सोबत न्यावी. नक्कल एकाच वेळी दोन काढाव्यात. एक कार्यालयात जाते ती परत येत नाही.